लाकूड-काँक्रीटची भिंत आणि ऑक्टोबरपर्यंत टिकणारी ओल

लाकडाच्या ढलप्या, सिमेंट आणि पाणी यांपासून केलेला हलका ब्लॉक विकत घेताना माहितीपत्रकावर एक आकडा ठळक छापलेला असतो: उष्णतावाहकता ०.१२ वॅट प्रति मीटर केल्विन. आकडा खोटा नसतो. पण तो भट्टीत पूर्ण वाळवलेल्या नमुन्याचा असतो, आणि तितकी कोरडी भिंत सातारा-सांगली पट्ट्यात वर्षाच्या कुठल्याही महिन्यात सापडत नाही. जतला एप्रिलमध्येही नाही, महाबळेश्वरला तर नाहीच.

या दोन जिल्ह्यांत ही गोष्ट इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त नीट समजून घ्यायला हवी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या आटपाडी-जतला जेमतेम पाचशेच्या आसपास. एकाच साच्यातून निघालेला ब्लॉक पाटणच्या डोंगरात आणि कवठेमहांकाळच्या माळावर दोन वेगवेगळ्या वस्तूंसारखा वागतो. त्यामुळे ‘या ब्लॉकची यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा, कमी तितका चांगला) किती’ असं कुणी विचारलं तर माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या गावात आणि कुठल्या महिन्यात?

आधी वस्तू कशी असते ते सांगतो. घनमीटरला साधारण २०० किलो कोरड्या ढलप्या (५ ते २० मिलिमीटरच्या), ३२० ते ३५० किलो सिमेंट आणि ३५० लिटरच्या आसपास पाणी. वाळल्यावर घनता ६०० किलो प्रति घनमीटरच्या जवळ जाते, कारण सिमेंट आपल्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी कायमचं बांधून घेतं. युरोपात अशा ब्लॉकची घरं गेल्या शतकात भरपूर झाली. सोव्हिएत रशियात याच वस्तूला ‘आर्बोलिट’ म्हणत आणि तिच्यासाठी गोस्ट १९२२२-८४ हे स्वतंत्र मानक होतं. त्यात ५०० किलोपर्यंतचा माल उष्णतारोधक आणि ५०० ते ८५० चा बांधकामाचा, अशी सरळ विभागणी आहे. कारखान्यातून निघताना मालात वजनाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त ओल नको, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे नियमात बसणारा ब्लॉकसुद्धा साइटवर चतुर्थांश वजनाचं पाणी घेऊन येऊ शकतो. आपल्याकडे याच कुळातल्या लाकूड-लोकरीच्या (लाकडाच्या बारीक, लांब धाग्यांच्या) पाट्यांसाठी आयएस ३३०८ हे भारतीय मानक आहे.

पाणी नेमकं कुठे बसतं

ओल म्हटली की डोळ्यांसमोर भिंतीवरचा काळा डाग येतो. पण उष्णतेचं गणित बिघडवणारं बहुतेक पाणी दिसतच नाही. ते तीन ठिकाणी असतं. पहिलं, लाकडाच्या पेशींच्या भिंतीत. लाकूड हवेतली वाफ शोषून फुगतं: हवेची सापेक्ष आर्द्रता ३०-३५ टक्के असेल तर लाकडात ६ ते ७ टक्के ओल, ६५ टक्क्यांना साधारण १२, आणि ९० टक्क्यांना २० च्या घरात. अठ्ठावीस-तीस टक्क्यांना पेशींच्या भिंती भरून जातात. त्यापुढचं पाणी पोकळीत मोकळं साठतं, आणि ते केवळ दमट हवेतून येत नाही, पाऊस किंवा गळती लागते. दुसरी जागा सिमेंटच्या बारीक छिद्रांची. तिसरी म्हणजे ढलप्यांच्या मधल्या मोठ्या पोकळ्या. त्यांत पाणी टिकत नाही, खाली निथळतं.

ही तिसरी गोष्ट फार कामाची आहे. मोठ्या ढलप्यांचा, जाळीदार दिसणारा ब्लॉक पाणी वर ओढत नाही, कारण मोठ्या पोकळीला केशाकर्षण जवळजवळ नसतं. सॉ मिलच्या पट्ट्याखालचा पिठासारखा भुसा भरून केलेला ब्लॉक मात्र दिसायला गुळगुळीत, कडा सुबक, आणि पाणी चढवायला एकदम तयार. गिऱ्हाईक सुबक ब्लॉकच निवडतं. मी खडबडीत निवडायला सांगतो.

आता बेरीज. ६०० किलोच्या ब्लॉकमध्ये एक तृतीयांश वजन लाकडाचं. एप्रिलमध्ये जतच्या कोरड्या हवेत लाकडात ६-७ टक्के आणि सिमेंटच्या भागात तीनेक टक्के धरले, तर संपूर्ण ब्लॉकची ओल ४ ते ५ टक्के येते. सातारा शहरात वर्षाची सरासरी धरली तर ७ ते ८. जावळी-पाटणच्या पश्चिमेला जुलै-ऑगस्टमध्ये, भिंतीवर थेंबही न पडता, फक्त हवेतून १२ टक्क्यांपर्यंत. वर झड लागली तर २० आणि २५ सुद्धा. सिमेंटच्या भागाचा हिशेब ढोबळ आहे, पण घराची रचना ठरवायला तेवढा पुरतो.

आकडे किती हलतात

स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२५, पाण्याची ०.६. चोवीसपट फरक. छिद्रातली हवा हटून तिथे पाणी आलं की काय होणार हे एवढ्यावरूनच कळतं. आपल्या ब्लॉकमध्ये १० टक्के ओल म्हणजे घनमीटरला ६० लिटर पाणी, म्हणजे आकारमानाच्या ६ टक्के. तेवढ्या हवेची जागा पाण्याने घेतली असं धरून सरळ बेरीज केली, तर ०.१२ चे ०.१५५ होतात. ओलीच्या प्रत्येक टक्क्याला साधारण ३ टक्के वाढ.

नुसत्या लाकडाचं सूत्र थोडं मवाळ आहे. ०.५ सापेक्ष घनतेच्या लाकडाची आडवी वाहकता पूर्ण कोरडं असताना ०.११६ येते, १२ टक्के ओलीला ०.१४० आणि २० टक्क्यांना ०.१५६. म्हणजे टक्क्याला पावणेदोन टक्के. उलट बाजूला एएसी ब्लॉकसाठी (हवेच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेलं हलकं काँक्रीट) आयएसओ १०४५६ या आंतरराष्ट्रीय मानकात जो गुणक दिला आहे, तो टक्क्याला चार टक्क्यांच्या जवळ जातो. लाकूड-काँक्रीट या दोघांच्या मधलं. सांगली, मिरज, विटा, फलटण इथे मी ३ धरतो. महाबळेश्वर, कोयना, पाटणच्या वरच्या गावांत पश्चिमेच्या भिंतीला ४ धरावा, कारण तिथे ओल ब्लॉकभर सारखी पसरलेली नसते. बाहेरचा थर चिंब आणि आतला बरा अशी अवस्था असते, आणि ओल्या थरात वाफ एका छिद्रातून दुसऱ्यात जाताना स्वतःबरोबर उष्णताही वाहून नेते. सरळ बेरजेत ती धरलेली नसते.

२०० मिलिमीटरची भिंत, दोन्ही बाजूंना गिलावा, सांधे तूर्त बाजूला ठेवून: पूर्ण कोरडी असताना यू-व्हॅल्यू ०.५३. ५ टक्के ओलीला ०.६०. १२ टक्क्यांना ०.६९. झडीने भिजून २५ टक्क्यांवर गेली तर ०.८५. ताळ्यासाठी नऊ इंची विटेची भिंत पाहा, ती २.० च्या आसपास असते. म्हणजे भिजलेलं लाकूड-काँक्रीटसुद्धा कोरड्या विटेपेक्षा दुपटीहून चांगलं. हे मुद्दाम सांगतो, कारण ओलीचं नाव काढलं की काही इंजिनिअर हा ब्लॉकच बाद करतात. ते चूक आहे.

खरा तोटा होतो तो कोरड्या आकड्यावर विसंबून भिंत बारीक करणाऱ्याचा. १०० मिलिमीटरच्या ब्लॉकची भिंत कागदावर ०.९६ दाखवते, १२ टक्के ओलीला ती १.२० होते आणि भिजली की १.४५ च्या जवळ जाते. छपरासाठी तर अजिबात धोका पत्करू नये. इको-निवास संहितेत (२०१८) निवासी इमारतीच्या छताला यू-व्हॅल्यूची मर्यादा १.२ आहे. स्लॅबवर लाकूड-काँक्रीटचा पातळ थर टाकून, वर साधं वॉटरप्रूफिंग करून कोरड्या आकड्याने ही मर्यादा गाठणारे आराखडे पहिल्या पावसानंतर त्या मर्यादेबाहेर जातात. छतावरचं वॉटरप्रूफिंग कधी ना कधी फुटतंच, आणि खालच्या थरात शिरलेलं पाणी वरून झाकलेलं असल्याने बाहेर पडत नाही.

उष्णता साठवण्याची बाजू वेगळी आहे. कोरड्या ब्लॉकचा घनमीटर एक अंश तापायला साधारण ६०० किलोज्यूल घेतो. पाण्याची विशिष्ट उष्मा ४.१८, त्यामुळे १० टक्के ओलीला तोच घनमीटर ८५० घेतो. वाहकता २९ टक्के वाढली, साठवण ४२ टक्के. त्यामुळे उष्णतेची लाट भिंतीतून किती वेगाने सरकते त्यात फारसा फरक पडत नाही. २०० मिलिमीटरच्या भिंतीत दुपारचं ऊन आत पोचायला कोरडी असताना दहा-साडेदहा तास, ओली असताना पावणेअकरा. फरक वेळेत नाही, आत येणाऱ्या उष्णतेच्या प्रमाणात आहे.

हातालाही हेच कळतं. ओली भिंत गार लागते, म्हणून ‘ओलीने घर थंड राहतं’ असा समज पक्का आहे. हाताला लागणारा गारवा वाहकता आणि साठवण यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळावर ठरतो, आणि तो परिणाम ओलीने साधारण ३५ टक्के वाढतो. भिंत हाताची उष्णता पटकन ओढते, एवढाच त्याचा अर्थ. तीच भिंत दुपारी बाहेरचं ऊनही तितक्याच तत्परतेने आत आणते. पाणी उडताना भिंत थोडी थंड होते हे खरं आहे: आपल्या २०० मिलिमीटरच्या भिंतीच्या एका चौरस मीटरमधून एक टक्का ओल कमी होताना सव्वा लिटर पाणी उडतं आणि ०.८ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. पण तो फायदा एकदाच मिळतो, तोही बाहेरच्या पृष्ठभागावर. त्यासाठी एप्रिलात पश्चिमेच्या भिंतीवर पाइपने पाणी मारणं विटेच्या घरात चालून जातं. या भिंतीवर नको.

मग ओल ऑक्टोबरपर्यंत का टिकते? लाकूड ओल घेताना आणि सोडताना एकाच वाटेने जात नाही. त्याच आर्द्रतेला, वाळत असलेलं लाकूड भिजत असलेल्या लाकडापेक्षा दोनेक टक्के जास्त ओल धरून ठेवतं. पावसाळा सरल्यावर हवा पटकन कोरडी होते, भिंत होत नाही. सप्टेंबरअखेर ऊन तापतं, आकाश निरभ्र असतं, आणि नेमक्या त्या वेळी भिंतीत वर्षातली सर्वांत जास्त ओल असते. वाढलेली वाहकता आणि कडक ऊन यांची गाठ सातारा-सांगलीत ऑक्टोबरमध्ये पडते. एप्रिल-मे जास्त तापतो, पण तेव्हा भिंत कोरडी आणि आपल्या बाजूची असते. म्हणून यू-व्हॅल्यूचा हिशेब ऑक्टोबरच्या ओलीवर करावा.

सांध्यांचा हिशेब

वर सांधे बाजूला ठेवले होते, आता ते जोडून घेऊ. ४०० बाय २०० च्या दर्शनी ब्लॉकला सगळीकडून १० मिलिमीटरचा सिमेंट-वाळूचा सांधा ठेवला तर भिंतीचा सात टक्के भाग मसाल्याचा होतो. मसाल्याची वाहकता ०.९ धरली तर भिंतीची सरासरी ०.१२ वरून ०.१७५ वर जाते. म्हणजे जाड सांधा एकटाच दहा-पंधरा टक्के ओलीइतकं नुकसान करतो, आणि ते बारा महिने. गवंड्याला सवय विटेची असते, सांधा पाऊण इंचाचा होतो. पातळ सांध्याचा तयार मसाला वापरून ३ मिलिमीटरवर आणलं तर सरासरी ०.१३७ ला थांबते. पण त्यासाठी ब्लॉकची उंची एकसारखी लागते, आणि खडबडीत ढलप्यांच्या ब्लॉकमध्ये दीड-दोन मिलिमीटरची चढउतार असतेच. मधला मार्ग ५-६ मिलिमीटर. त्याखाली जायचा हट्ट केला तर सांध्यात फटी राहतात आणि पाऊस तिथूनच आत येतो.

जाड सांध्याचा दुसरा उपद्रव म्हणजे तो पाणीही भिंतीत घालतो. ब्लॉक लावण्यापूर्वी विटेसारखे हौदात बुडवणं ही तर या मालाच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक. विटेचं पाणी महिनाभरात जातं. ढलपीत शिरलेलं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हलत नाही. लावण्याच्या पृष्ठभागावर ओला ब्रश फिरवला की पुरे.

बांधकामाचं पाणी

पाऊस पडण्याआधीच भिंतीत किती पाणी असतं याचा अंदाज फार कमी लोकांना असतो. ३५० लिटरपैकी सत्तरएक लिटर सिमेंटने बांधून घेतलं, उरलेले २८० लिटर घनमीटरमागे बाहेर पडायचे असतात. २०० मिलिमीटरच्या भिंतीत एका चौरस मीटरला ५६ लिटर. हजार चौरस फुटांच्या लहान घराच्या बाहेरच्या भिंती शंभर चौरस मीटर धरल्या तर साडेपाच हजार लिटर, म्हणजे एक टँकर पाणी भिंतीत उभं असतं. ते ब्लॉक उभे करण्याआधी घालवणं स्वस्त आणि सोपं. नंतर ते गिलाव्यातूनच काढावं लागतं.

यासाठी मीटर-बीटर लागत नाही, वजनकाटा लागतो. ४०० x २०० x २०० चा ब्लॉक म्हणजे ०.०१६ घनमीटर. पूर्ण कोरडा ९.६ किलो. साच्यातून काढताना साधारण १४. वीस टक्के ओलीला साडेअकरा, दहा टक्क्यांना साडेदहा. आपल्या मालाची कोरडी घनता एकदा मोजून घ्या, कारण लाकूड बदललं की हे आकडे बदलतात. मग ढिगाच्या मधले पाचसहा ब्लॉक उचलून वजन करा. ढिगाच्या वरचे आणि कडेचे नेहमी हलके भरतात, त्यांच्यावर जाऊ नका. साडेदहा किलोच्या आत आल्याशिवाय काम सुरू करू नये. साडेअकराला लावले तर निदान दोन्ही बाजू एक उन्हाळा उघड्या ठेवायची तयारी हवी.

ढीग रचतानाही ब्लॉकमध्ये दोन बोटं जागा, खाली लाकडी पट्ट्या, वर पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या. ताडपत्रीने गच्च झाकलेला ढीग आतून घामेजतो आणि महिनाभराने बुरशी धरून निघतो. नोव्हेंबर ते जानेवारीत ब्लॉक पाडावेत, मार्च-एप्रिलमध्ये बांधावेत, गिलावा मेपर्यंत उरकावा. जूनमध्ये पाडलेले ब्लॉक पावसाळाभर वाळत नाहीत, आणि घाई झाली की दिवाळीत तेच ओले भिंतीत जातात.

क्युरिंगची पद्धतही बदलावी लागते. पहिले तीन दिवस प्लॅस्टिकखाली, पुढे आठवडाभर सावलीत. ढलप्यांनी प्यायलेलं पाणीच सिमेंटला पुरतं. स्लॅबसारखं चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ पाइप धरायचा नाही.

लाकूड कुठलं, यावरही ओलीचं बरंच ठरतं. बाभळीत टॅनिन भरपूर, आणि उसाच्या चिपाडात साखर उरलेली असते. दोन्ही सिमेंटचं जमणं अडवतात. साखर तर सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग असली तरी सेटिंग लांबवते. अर्धवट जमलेलं सिमेंट सच्छिद्र राहतं आणि कायमच ओल ओढतं. सांगलीत कारखान्यांमुळे चिपाड डोळ्यांसमोर असतं म्हणून अनेकांना ते स्वस्तात वापरावंसं वाटतं, पण न धुता वापरलेलं चिपाड म्हणजे पावसाळ्यात मऊ पडणारा ब्लॉक. सिल्व्हर ओक, निलगिरी, आंबा, काहीही घ्या, आधी थर्मासची चाचणी करा: २०० ग्रॅम सिमेंट, १५ ग्रॅम बारीक केलेलं कोरडं लाकूड, ९० मिलिलिटर पाणी, आत थर्मामीटर, आणि चोवीस तास लक्ष. तापमान ६० अंशांच्या वर गेलं तर लाकूड चांगलं, ५० ते ६० मध्ये अडकलं तर प्रक्रिया करून घ्यायचं, ५० च्या खाली राहिलं तर नको. प्रक्रिया म्हणजे ढलप्या गरम पाण्यात किंवा चुन्याच्या निवळीत रात्रभर भिजवून, ते तांबूस पाणी फेकून, पुन्हा धुणं.

जमणं लवकर व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराईड घालतात. सिमेंटच्या दोन टक्के, म्हणजे घनमीटरला साडेसहा किलोच्या आसपास, पाण्यात विरघळवून. इथे हात सैल सोडू नये. या क्षाराचा काही भाग सिमेंटमध्ये बांधला जातो, जास्तीचा मोकळा राहतो, आणि मोकळा कॅल्शियम क्लोराईड हवा थोडी दमट असली तरी पाणी ओढून स्वतः विरघळतो. चार-पाच टक्के घातलेला ब्लॉक दुसऱ्या दिवशी टणक लागतो, कारागीर खूश होतो, आणि तो ब्लॉक पुढची अनेक वर्षं शेजारच्या ब्लॉकपेक्षा जास्त ओल धरतो. शिवाय लोखंड गंजवतो. ज्या ब्लॉकच्या पोकळीतून सळई जाणार आहे त्यात हा क्षार अजिबात नको, तिथे अ‍ॅल्युमिनियम सल्फेट बरं.

गिलावा आणि झड

बाहेरून पाणी आत जाऊ नये आणि आतलं बाहेर पडावं, या दोन गोष्टी एकदम साधायच्या असतात. १:४ चा कडक सिमेंट गिलावा आणि वर जाड रबरी रंग पहिली गोष्ट करतो, तीही पहिले तडे येईपर्यंत. तडे येणारच, कारण लाकूड ओलीबरोबर फुगतं-आकसतं आणि कडक गिलाव्याला तेवढी हालचाल सोसत नाही. केसाएवढ्या तड्यातून झडीचं पाणी आत ओढलं जातं, रंग त्याला परत येऊ देत नाही, आणि रंगाखाली फुगे धरतात. फुग्याला टाचणी लावून पाणी आलं तर समजावं की भिंत आतून भरली आहे. वरून अजून एक वॉटरप्रूफ कोट मारायला कुणी सुचवेल. मारू नका. रंग खरवडून काढा आणि भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा.

माझी शिफारस साधी आहे. आधी पातळ सिमेंट-वाळूचा शिंपडा, तो चारपाच दिवस वाळू द्यायचा. मग सिमेंट, चुना, वाळू १:१:६ चा १२ ते १५ मिलिमीटरचा थर, कॉलम-बीमच्या जोडावर चिकन मेश. वर चुन्याचा किंवा सिलिकेटचा, वाफ जाऊ देणारा रंग. आतून पूर्ण चुन्याचा गिलावा केला तर उत्तमच. निदान बाहेरच्यापेक्षा आतला थर जास्त घट्ट होऊ देऊ नये. थंड देशांत असा आग्रह धरत नाहीत, कारण तिथे वाफ आतून बाहेर ढकलली जाते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर उन्हाने तापलेली भिंत वाफ आतल्या बाजूलाही ढकलते, म्हणून आतली वाट बंद करून चालत नाही. हॉलच्या भिंतीला प्लॅस्टिकचा वॉलपेपर किंवा खालपासून वरपर्यंत टाइल लावली की हीच वाट बंद होते.

वाई-सातारा-कऱ्हाडपर्यंत एवढं पुरतं, फक्त वळचण दोन फुटांची हवी, आणि खिडकीच्या चौकटीखाली पुढे आलेली, तळाला पाणी तोडणारी खाच असलेली पट्टी हवी. खिडकीचे खालचे कोपरे हे या भिंतींत ओलीचं सर्वांत ठरलेलं ठिकाण. महाबळेश्वर-पाचगणीला आणि कोयनेच्या खोऱ्यात गिलाव्यावर विसंबू नये. तिथे पावसाळ्यापूर्वी नैऋत्य आणि पश्चिमेला गवताची किंवा पत्र्याची झड, म्हणजे आडोसा, बांधायची जुनी रीत आहे, आणि लाकूड-काँक्रीटला ती तंतोतंत लागू पडते. फक्त झड भिंतीला चिकटवायची नाही. पत्रा आणि भिंत यांत ४० ते ५० मिलिमीटर अंतर, तळाला आणि माथ्याला हवा जायला फट, फटीला जाळी. अशी भिंत झडीतही हवेच्या ओलीपुरतीच, म्हणजे १२ टक्क्यांपर्यंतच राहते. ०.८५ आणि ०.६९ मधला फरक या पत्र्याचा आहे.

जोतं आणि कृष्णेचं पाणी

जमिनीपासून दीड फूट तरी दगड, भाजकी वीट किंवा घट्ट काँक्रीट, त्यावर ४० मिलिमीटरची डीपीसी (जमिनीची ओल वर चढू न देणारा थर), आणि मगच हा ब्लॉक. डीपीसी गिलाव्याने ओलांडली जाऊ नये, नाहीतर ओल गिलाव्यातून वर चढते आणि लोणा धरते. वाळवीची प्रक्रिया आयएस ६३१३ प्रमाणे पायातच करून घ्यावी. सिमेंटमधल्या अल्कलीमुळे वाळवी ढलप्यांना सहसा लागत नाही, पण वर्षानुवर्षं हवेतल्या कार्बन डायऑक्साईडने ती अल्कली कमी होत जाते, आणि सतत २० टक्क्यांच्या वर ओल असलेल्या लाकडाला बुरशी सोडत नाही.

सांगलीत प्रश्न वेगळाच आहे. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी घरांत शिरलं. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५७ फुटांपुढे गेली. पूररेषेत येणाऱ्या सांगलीवाडी, गावभागासारख्या वस्तीत तळमजल्याला लाकूड-काँक्रीट वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्या मजल्याला खुशाल वापरा. चार-पाच दिवस पाण्यात बुडालेला ब्लॉक कोसळत नाही, पण गाळ बारीक छिद्रांत बसतो, आणि मोठ्या पोकळ्यांची निथळण्याची ताकद जाते. अशी भिंत आधीच आहे तर पूर ओसरल्यावर दोन्ही बाजूंचा गिलावा पाण्याच्या रेषेच्या दोन फूट वरपर्यंत लगेच काढावा, गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, आणि पंखे लावून हवा खेळती ठेवावी. गिलावा पुन्हा करायचा तो वजन पाहून, पुढच्या मार्चच्या आधी नाही.

ओल मोजताना

बाजारात दोन सुयांचा मॉइश्चर मीटर मिळतो. तो लाकडासाठी बेतलेला असतो आणि विजेचा रोध मोजतो. सिमेंटमधले क्षार, विशेषतः कॅल्शियम क्लोराईड, वीज सहज वाहू देतात, त्यामुळे १० टक्क्यांची भिंत तो २०-२५ दाखवू शकतो. एकाच भिंतीतली जास्त ओली जागा शोधायला त्याचा उपयोग आहे, आकड्यासाठी नाही.

आकडा हवा तर तुकडा काढावा. छिन्नी-हातोडीने भिंतीच्या बाहेरच्या ४०, मधल्या आणि आतल्या ४० मिलिमीटरमधून वेगवेगळे, प्रत्येकी २०० ग्रॅमच्या आसपास. वेगाने फिरणारी ड्रिल वापरली तर उष्णतेने ओल तिथेच उडते. काढल्याबरोबर झिप पिशवीत घालून, हवा दाबून काढून, त्याच दिवशी वजन करायचं. मग १०३ ते १०५ अंशांवर वाळवत ठेवायचं, आणि दिवसाच्या अंतराने घेतलेल्या दोन वजनांत ०.१ टक्क्यापेक्षा कमी फरक येईपर्यंत थांबायचं. गेलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. भागाकार ओल्या वजनाने केला तर आकडा कमी येतो, आणि दोन अहवाल जुळत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. तापमान याहून वाढवू नका, लाकूड करपून वजन घटतं आणि ती घट ओलीच्या नावावर जमा होते.

प्रयोगशाळेकडून उष्णतावाहकता मोजून घेणार असाल, तर आयएस ३३४६ ची तापलेल्या पाटीची पद्धत कोरड्या नमुन्याला उत्तम आहे. ओल्या नमुन्याला तीच पद्धत फसवते: मोजणी तासन्‌तास चालते, तेवढ्यात पाणी गरम बाजूकडून थंड बाजूला सरकतं, आणि आकडा येतो तो अर्ध्या कोरड्या, अर्ध्या चिंब पाटीचा. ओल्यासाठी सुईची किंवा चकतीची, काही मिनिटांत संपणारी क्षणिक पद्धत मागावी. त्यातही ब्लॉकमध्ये २० मिलिमीटरच्या ढलप्या असतील तर सुई एका ढलपीतच घुसून लाकडाचाच आकडा देते, म्हणून एका नमुन्यावर निदान आठ-दहा जागी मोजणी हवी. नमुने तीन ओलींवर तयार करून न्यावेत: भट्टीत वाळवलेला, ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत वजन स्थिर होईपर्यंत ठेवलेला, आणि ९० टक्क्यांच्या जवळच्या हवेत ठेवलेला. लाकूड-काँक्रीटला स्थिर व्हायला आठवडे लागतात, तेव्हा नमुने ४० मिलिमीटर जाडीचेच कापावेत, आणि अहवालात प्रत्येक आकड्याशेजारी त्या वेळची ओल लिहून मागावी.